पांढरकवड्यातला ख्रिस्ती कॉम्प्युटर

चार माणसं आणि एक जुनं मशीन एका खोलीत ठेवलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. कापसाचे हाल चालले होते त्या वर्षांत मी पांढरकवड्याला पास्टर मेश्रामांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. नागपूरच्या एका ब्रदरनी आम्हाला एक सीडी आणून दिली. तिच्यात फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम होती, खास ख्रिस्ती लोकांसाठी सजवलेली. पडद्यावर क्रूस, बायबल अभ्यासाचे प्रोग्राम, शिवाय इंटरनेटवरची घाण अडवणारा फिल्टर. ब्रदरांचा हिशेब सोपा होता: सीडी चालू झाली की केळापूर तालुक्याचा उद्धार झालाच!

*

सीडी चालू करायला मात्र समोरचे सलीमभाई लागले. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि आमचा कॉम्प्युटर भंगारातला. इंग्रजी सूचना मी वाचत होतो, म्हणजे कोर्टातल्या कारकुनाचा मुंज झालेला मुलगा, आणि बटणं सलीमभाई दाबत होते. पडद्यावर क्रूस उमटला तसा पास्टरांनी ब्रदरांना फोन लावला आणि प्रभूच्या कृपेनं काम झालं म्हणून कळवलं.

सलीमभाईंनी पेचकस खिशात घातला. म्हणाले, "किरपा त्याची हाय. पॉवर सप्लाय माहा हाय."

*

या सिस्टीममध्ये कोणताही प्रोग्राम इंटरनेटवरून घ्यायचा तर त्याला पॅकेज म्हणतात. त्या दिवसांत जिल्ह्यात सगळे एकाच पॅकेजबद्दल बोलायचे, सरकारी मदतीच्या. एकदा मुकुटबनचे एक काका कापसाचा भाव बघायला आले. मी पडद्यासमोर ताटकळत बसलेलो. कायची वाट पाहून राह्यले, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, वरून पॅकेज निघालंय, पण मधेच अडकलंय.

काकांनी खुर्ची ओढली. "मंग बसा निवांत. आमचंबी तिथंच अडकून राह्यलं."

*

राजूरच्या कोळसा खाणीतल्या एका मुलाचं लग्न पास्टर लावणार होते. उपदेशासाठी त्यांनी इंटरनेटवर इंग्रजी बायबल उघडलं आणि त्यातलं प्रेमाच्या गीतांचं पुस्तक काढलं. पडदा लालभडक झाला. अश्लील मजकूर, पान बंद!

पास्टरांनी आधी दार लावून घेतलं, मग मला हाक मारली. मी ब्रदरांना फोन केला. ते म्हणाले, फिल्टर चुकत नाही, मेश्राम काय बघत होते ते विचारा. मी सांगितलं, बायबल बघत होते.

मग ते हळूच म्हणाले, "मराठीत वाचायला सांगा. मराठी त्याला कळत नाही."

*

पुढे ब्रदर स्वतःच पाहणीला आले. खोली माणसांनी भरलेली, सगळ्यांचे डोळे पडद्याला खिळलेले. ब्रदर गहिवरले. त्यांनी फोटो काढले आणि पुढच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बाबा, इथे येऊन मनाला शांती मिळते?"

"कुठची शांती जी," म्हातारा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "कालच्याहून उतरला भाव."

फोटो मात्र नागपूरच्या मासिकात छापून आले. खाली लिहिलं होतं, वचनासाठी आसुसलेलं गाव.

*

ती खोली आम्हाला का सोडावी लागली, तेही सांगतो.

खोली बियाण्यांच्या एका डीलरची होती. त्या वर्षी त्याच्या दुकानातलं बियाणं कित्येकांच्या शेतात उगवलंच नाही. पास्टरांनीही केळापूरच्या आपल्या तुकड्यात तेच टाकलं होतं. पण घरमालकाला कोण बोलणार? पूर्ण हंगाम ते गप्प राहिले.

पुढच्या पेरणीआधी डीलर नव्या वाणाची जाहिरात टाइप करून घ्यायला आला. खोलीत भाव बघणारे बसलेच होते. मी कॉम्प्युटर चालू केला. सिस्टीम सुरू होताना बायबलमधलं रोज एक वचन दाखवायची, इंग्रजीत. कोणीतरी विचारलं, आज काय लिहिलं हाय? पास्टरांनी अर्थ सांगितला: माणूस जे पेरतो, तेच त्याच्या पदरात पडतं.

कोणी हसलं नाही. सगळे फक्त डीलरकडे पाहू लागले.

त्याचा चेहरा उतरला. हे कोणी मुद्दाम टाकलं, असं त्यानं मला दरडावून विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही, आपोआप येतं.

"मंग बंद करा ते!"

पास्टर मेश्राम आयुष्यात कोणाला उलटून बोलले नव्हते. ते खुर्चीतून उठले.

"नाही होत बंद, शेठ. हे तुमचं बियाणं नाही. हे रोज उगवते."