वैशाखातला फॉस्फरस

माझ्या थोरल्या मामाजींइतका रागीट माणूस आमच्या मुलखात दुसरा जन्मला नाही, आणि आपल्या मामावर माझ्याइतका चिडलेला भाचाही जन्मला नसेल. ते गोंदियाच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत. चहा गार मिळाला की रागावत, गरम मिळाला तर जीभ भाजली म्हणून रागावत. माझ्या आईने कामठ्याहून पाठवलेल्या तांदळात खडा सापडला, तर तो कागदात गुंडाळून तिला परत पाठवत. आमगावची गाडी उशिरा आली की स्टेशनमास्तरला झाडत, आणि एकदा ती वेळेवर आली तेव्हा, "आज काऊन वेळेवर आली?" म्हणून त्याचीच उलटतपासणी घेतली.

पण त्यांचा सगळ्यात मोठा राग होता शास्त्राच्या पुस्तकावर. त्यात अधातूंचा तक्ता होता. खोलीच्या तापमानाला गंधक, कोळसा, आयोडीन, फॉस्फरस हे घन. प्राणवायू, नायट्रोजन, क्लोरीन वगैरे वायू. आणि द्रव एकटा ब्रोमीन. बाकीच्यांबद्दल मामाजींची तक्रार नव्हती. भांडण होतं ते फॉस्फरसपायी. तो हवेत पेट घेतो म्हणून बाटलीत पाण्याखाली ठेवलेला असे. आमच्या शास्त्राच्या खोलीला टिनाचं छप्पर होतं. एका वैशाखात भर दुपारी मामाजी तिथे गेले, तर थर्मामीटर चव्वेचाळीस अंशांच्या पुढे गेलेला आणि फॉस्फरसची कांडी पाण्याखाली वितळून तेलासारखी डुलत असलेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात पुस्तक टेबलावर आपटलं. "कोनाची खोली धरली यानं? विलायतेतली? आपली खोली खोली नाई का? लिवा, गोंदियात उन्हाळ्यात द्रव दोन." आम्ही निमूट लिहिलं. मीही त्यांच्याच घरी राहून त्याच वर्गात शिकत होतो, आणि घरी जाईपर्यंत मामाला मामा म्हणायची मला बंदी होती.

हे तपासणीच्या साहेबांच्या कानावर गेलं. साहेब आले ते पौषात. सकाळी धानाच्या बांध्यांवर धुकं, वर्गात सगळ्यांचे दात वाजत होते, आणि बाटलीतला फॉस्फरस दगडासारखा टणक. चूक कबूल करा, नाहीतर शास्त्राचा वर्ग काढून घेतील, असं हेडमास्तरांनी मामाजींना आधीच बजावलं होतं. मी शिपायाच्या चुलीवरून गरम पाण्याचा गंज उचलून आणला आणि त्यांच्या कानाशी लागलो, "मामाजी, बाटली यात ठेवा. आत्ता वितळते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पाण्याऐवजी मीच उकळलो. "गरम पान्यात तं कोनीबी वितळवंल. मले खोलीनं वितळवलेला दाखवाचा हाये." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "तुमी वैशाखात या. दुपारी दोन वाजता या खोलीत बसा, मंग बोला."

साहेबांनी कोटाचं वरचं बटण लावलं. "वैशाखात आम्ही पचमढीला असतो, मास्तर."

थंड देशात पुस्तक लिहायचं, थंडीत येऊन ते तपासायचं आणि ऊन तापलं की डोंगरावर जाऊन बसायचं. असल्यांचं पुस्तक चुकणार तरी कधी? आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. पण खरं सांगतो, त्याहून जास्त मी मामाजींवर चिडलो होतो. गंजभर पाण्याचा प्रश्न होता. साहेबांना काय कळणार होतं?

वर्ग गेला. मामाजींना खालच्या इयत्तांना अक्षर वळवायला शिकवायचं काम दिलं. नवे मास्तर तक्त्याबरहुकूम शिकवू लागले. मॅट्रिकच्या परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. मी दोन मिनिटं लेखणी तोंडात धरून बसलो आणि लिहिलं, द्रव एकच, ब्रोमीन.

मी पास झालो. मामाजींकडे गेलो तेव्हा ते ओसरीवर मुलांसाठी बोरू तासत बसले होते. काय लिहिलं ते मी मान खाली घालून सांगितलं आणि आता घर डोक्यावर घेतील म्हणून वाट पाहत उभा राहिलो.

"बराबर लिवलं," ते म्हणाले. "तुले पास होनं जरूरी होतं."

आणि पुढचा बोरू हातात घेतला. मामाजींना जाऊन आता किती तरी वर्षं झाली. त्या दिवशी ते माझ्यावर ओरडले असते, तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं आणि स्वतःलाही.