मागावरची घंटी

डिंभ्याच्या विणकर मंडळात एकच पुरुष होता, आणि तो मागावर बसण्याआधी आरसा पुसायचा.

मागाला आरशाचं काय काम, असं बायकांनी पहिल्याच दिवशी विचारलं. सावळेराम म्हणाला, "मागून कोण येतंय ते दिसतं." मागे भिंत होती. पण हयातभर एसटी चालवलेल्या माणसाला आरशाशिवाय बसायचं म्हणजे धोतर न नेसता बसल्यासारखं वाटतं, म्हणून त्याने मंचरच्या भंगारवाल्याकडून गाडीचा आरसा आणला आणि मागाच्या उजव्या खांबाला तारेने करकचून बांधला. त्यात दिवसभर भिंत दिसायची. सावळेराम तिच्यावर लक्ष ठेवून असायचा.

बाकीचाही थाट तसाच. पायाखालच्या पट्ट्या एकाआड एक दाबल्या की उभे धागे वरखाली होतात आणि मधून धोटा पलीकडे जातो, इतकं साधं काम. पण सावळेराम डावी पट्टी क्लचसारखी हलकेच सोडायचा, उजवी ब्रेकसारखी दाबायचा, आणि धोटा डावीकडे गेला की अंगाने उजवीकडे झुकायचा, जणू घाटातलं वळण आलंय. धोट्यातला दोरा संपला की म्हणायचा, "डिझेल संपलं." सोनीबाई नावाची एक म्हातारी सभासद शेजारच्या मागावर बसायची. तिला म्हणे त्याच्या बाजूला बसून दोनदा मळमळलं.

निरोपसमारंभाला डेपोतल्या मंडळींनी त्याला शाल, नारळ आणि एक पितळी घंटी दिली होती. शाल इंद्रायणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, पेटीत ठेवली. नारळ खाल्ला. घंटी त्याने मंडळाच्या शेडात आणून मागाच्या वर आढ्याला टांगली आणि तिची दोरी पार मागच्या भिंतीपर्यंत नेऊन खिळ्याला बांधली. मग सगळ्या बायकांना समजावून सांगितलं, "एक घंटी म्हंजे थांबा. दोन म्हंजे चला. येता-जाता कुनीतरी वाजवत जा, बास." कुणी वाजवली नाही. इंद्रायणीला त्याने वेगळं, एकटीला गाठून विचारलं, तर ती म्हणाली, "तुमी घरी कवा येताय म्हनून मी सारा जलम वाट बघितली. आता तुमाला थांबवायचं बी मीच आन् सोडायचं बी मीच? मी काय कंडक्टर हाय व्हय तुमची?"

आता हा माणूस बायकांच्या मंडळात घुसलाच कसा, ते सांगायला हवं. सावळेराम ड्युटीवर असायचा त्या वर्षांत इंद्रायणी मंडळात गेली, शिकली, आणि बघता बघता तिथली सगळ्यात चांगल्या हाताची विणकर झाली. हा निवृत्त होऊन घरी आला तेव्हा घर सकाळपासून संध्याकाळपर्यंत रिकामं. टीव्हीवर हिंदीतल्या सासवा एकाच वाक्यावर तीन-तीनदा माना वळवत होत्या, त्या त्याने महिनाभर बघितल्या. मग तो अंगणातल्या कोंबड्यांना तोंडाने हॉर्न द्यायला लागला. कोंबड्या बाजूला व्हायच्या, पण त्यात काही राम नव्हता. खरं सांगायचं तर त्याला करमत नव्हतं. पाठीशी बसभर माणसं घेऊन जगलेला गडी, आणि आता पाठीशी कुणीच नाही. एक दिवस तो चपला घालून इंद्रायणीच्या मागोमाग शेडात आला आणि म्हणाला, "मला बी शिकवा."

मंडळाच्या अध्यक्षा मोहिनीताई. पूर्वी बालवाडीवर होत्या, त्यामुळे मंडळातल्या नातवंडवाल्या बायकांनाही त्या हाताची घडी घालून बसवायच्या. त्यांचे नियम कडक. मंडळात दरवर्षी सगळ्यांनी मिळून एक लांब सतरंजी विणायची पद्धत आहे. एकाच मागावर, एकाच ताण्यावर, म्हणजे त्याच उभ्या धाग्यांवर, पाळीपाळीने प्रत्येकीने आपला एक हात लांबीचा तुकडा विणायचा, कोपरापासून बोटांपर्यंत मोजून. विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळत जातं, आणि ते उलगडून बघायचं नाही. आधीच्या बाईने काय काढलंय हे सतरंजी मागावरून कापायच्या, म्हणजे कापणीच्या दिवशी सगळ्यांनी एकदमच बघायचं. दुसरा नियम त्याहून कडक: विणलेलं उसवायचं नाही. चुकलं तर चुकलं, नशिबात असेल ते कापणीला दिसेल.

नव्या माणसाला याच सतरंजीतून सभासद व्हावं लागायचं. त्याचा हात नीट विणून झाला आणि बाकीच्यांनी हो म्हटलं, तर माग त्याचा. नाहीतर जागा दुसऱ्याला, कारण माग मोजके आणि शिकायला टपलेल्या बायका पुष्कळ. थोडक्यात सावळेरामचा हात बिघडला, की तो पुन्हा कोंबड्यांकडे.

त्याची पाळी मोहिनीताईंच्या नंतर आली. त्याच्यानंतर हर्षाली नावाची एक सभासद, मग सोनीबाई, आणि शेवटचा हात इंद्रायणीचा. शेवटचा हात म्हणजे मान. जी शेवटचा हात विणते तीच सतरंजी कापते. इंद्रायणीला हा मान पहिल्यांदाच मिळाला होता. त्यासाठी तिने गर्द निळा दोरा आणून डब्यात ठेवला होता आणि त्या डब्याला घरात कुणी हात लावायचा नाही, अशी तंबी होती. घरात कुणी म्हणजे सावळेरामच.

पाळीच्या दिवशी नेमकं मंडळाला अवसरी खुर्दच्या इंजिनियरिंग कॉलेजात बोलावणं होतं. पोरांना छोटा माग दाखवायचा, दोन सतरंज्या मांडायच्या, चहा-वडा खायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचं. सगळ्या निघाल्या. निघताना इंद्रायणी दारातून म्हणाली, "एक हात. ध्यानात ऱ्हाईल ना? एकच."

"मला सांगती व्हय," सावळेराम म्हणाला आणि आरसा पुसायला लागला.

सुरुवात झकास झाली. जुन्या साड्यांच्या चिंध्यांचा जाड बाणा, म्हणजे आडवा दोरा होता, तांबडा आणि पांढरा, साध्या पट्ट्यांचा. असलं काम भराभर होतं. शेडात कुणी नाही, मळमळ होणारं कुणी नाही, रस्ता मोकळा. सावळेरामने मनातल्या मनात मंचर सोडलं. घोडेगावला तांबडा पट्टा टाकला. गाडीने लय पकडली, पाय आपोआप चालायला लागले, आणि त्याच्या पाठीशी पुन्हा ती माणसं येऊन बसली: बाजाराच्या पिशव्या, शाळेची पोरं, खिडकीसाठी भांडणाऱ्या म्हाताऱ्या. त्याला फार बरं वाटलं. निवृत्तीनंतर इतकं बरं त्याला वाटलंच नव्हतं.

एक हात कधी झाला आणि कधी गेला, हे त्याला कळलं नाही. कळावं तरी कसं? ड्रायव्हर घंटीवर थांबतो, आणि घंटी वाजवायला कुणी नव्हतं. घंटी नाही म्हणजे उतरणारं कुणी नाही. तो चालवत राहिला. पुढच्या रुळावर कापड गुंडाळत गेला, धोट्यात डिझेल भरत गेला, आणि दुपार कलली तेव्हा मागाच्या मागच्या बाजूला काहीतरी खटकन मोकळं झालं. ताणा संपला होता. शेवटचा स्टॉप.

सावळेरामने हँडब्रेक लावण्यासाठी हात खाली नेला, तिथे हँडब्रेक नव्हता, आणि मग तो भानावर आला. हर्षालीचा हात त्याने विणला होता. सोनीबाईचा विणला होता. इंद्रायणीचा मानाचा शेवटचा हातही त्याने विणला होता, तांबडा-पांढरा, आणि निळ्या दोऱ्याचा डबा शेजारच्या फळीवर जसाच्या तसा होता. मोहिनीताई काय म्हणतील ती भीती नंतरची. इंद्रायणी काहीच म्हणणार नाही, याची त्याला जास्त भीती वाटली.

आता एकच उपाय. बायका यायच्या आत उसवायचं. पण तीन हात उसवायचे म्हणजे वेळ लागणार, आणि बायका येणार ती संध्याकाळची गाडी संपत चालवायचा. संपत हा सावळेरामच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा. सावळेरामने त्याला फोन लावला. गाडी मंचरला उभीच होती.

"संपत, आज जरा दमानं ये."

"का वो मामा?"

"दमानं म्हंजे... लेट आली तरी चालंल."

संपत हसायला लागला. "परीक्षा घेताय व्हय मामा? येळ म्हंजे येळ, तुमीच शिकवलंय. आज बघाच तुमी." आणि त्याने फोन ठेवून दिला.

डिंभ्याची गाडी कधी वेळेवर येत नाही, अशी त्या रस्त्यावर सगळ्यांची तक्रार. ती तक्रार खोटी ठरवायला सावळेरामने सारी नोकरी घालवली होती, आणि आता तो आपल्या शिकवणीला शिव्या देत दोरा ओढत होता.

पुढचा रूळ सैल केला, एकेक पट्टी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे काढायला लागला. म्हणजे रिव्हर्सच. आणि रिव्हर्स घेताना माणूस कुठे बघतो? आरशात. सावळेराम आरशातल्या भिंतीवर डोळे रोखून भराभर दोरे ओढत सुटला. इंद्रायणीचा हात मोकळा झाला, सोनीबाईचा झाला, हर्षालीचा झाला. आपला हात जिथे संपतो तिथे थांबायचं होतं. पण रिव्हर्सला मागे उभं राहून "बास, बास" म्हणणारं माणूस लागतं, आणि तेही नव्हतं. त्याचाही हात उसवला गेला.

मग त्याच्या बोटाला काहीतरी पिवळं लागलं.

त्याने विणलेल्या हातात पिवळं नव्हतंच. त्याने खाली पाहिलं. तो मोहिनीताईंच्या हद्दीत बराच आत शिरला होता. ताईंनी बिबट्या काढला होता. त्याचं डोकं, पाठ, ठिपके सगळं सावळेरामच्या पायाशी दोऱ्यांच्या ढिगात पडलं होतं आणि ताण्यावर नुसते पाय उभे होते, ओळीने. सावळेरामने ते मोजले. पाच होते. पुन्हा मोजले. एखादी शेपटी असेल म्हणावं, तर शेपटी पलीकडे वेगळी लोंबत होती.

मोहिनीताईंच्या बिबट्याला पाच पाय. उसवायचं नाही, हा ताईंचाच नियम, म्हणून बाई गप्प बसल्या असणार आणि कापणीच्या दिवसाच्या धास्तीने झुरत असणार. तेवढ्यात नाक्यावरून हॉर्न ऐकू आला. संपतने गाडी वेळेच्याही आधी आणली होती.

आता सावळेराम तिथेच थांबला असता, तर निदान अर्धा गुन्हा कमी झाला असता. पण पाच पाय तसेच ठेवले तर अवसरीहून आलेल्या सगळ्या बायका ते बघणार आणि वर्षभर हसणार. त्याला मोहिनीताईंची दया आली. त्याने पायांना हात घातला. चार निघाले. पाचवा ओढत असताना बायका दारात आल्या.

मागावर मोकळा ताणा, खाली तांबड्या-पांढऱ्या-पिवळ्याचा गुंताडा, आणि मध्ये सावळेराम, बिबट्याचा पाय हातात धरून. त्याने सगळं खरं सांगितलं, सगळ्यांचे हात खाल्ले तेही सांगितलं. फक्त बिबट्याला पाय किती होते, ते सांगितलं नाही.

मोहिनीताईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या हळूच म्हणाल्या, "सावळेरामभाऊ, माझा हात उसवताना तुम्हाला... काही दिसलं का?"

"न्हाई ताई. रिव्हर्सला माणूस मागं बघतो, खाली न्हाई."

ताईंनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग खाली बसल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या की उसवायचं नाही हा नियम जरा जुनाटच आहे, त्यावर फेरविचार व्हायला हवा. तो नियम त्यांनीच केला होता, पण ते कुणी बोललं नाही. "माझा हात मी नंतर कुठेतरी भरीन," त्या म्हणाल्या. "बिबट्याचं काय, कुठेही निघतो."

सोनीबाईचंही काही म्हणणं नव्हतं. "माजा हात गेला व्हता आन् परत बी आला. मला तर कळलं बी नसतं." हर्षालीने मान डोलावली.

"शेवटचा हात इंद्रायणीचा होता," मोहिनीताई म्हणाल्या. "तेव्हा भाऊंना ठेवायचं की नाही, ते ठरवू दे तिलाच."

इंद्रायणीने फळीवरचा निळ्या दोऱ्याचा डबा उघडून पाहिला. दोरा जागेवर होता. तिने डबा मिटला, मागच्या भिंतीपाशी गेली आणि खिळ्याची दोरी सोडून हातात घेतली. मंडळात ती घंटी आजवर कुणी वाजवली नव्हती. तिने दोरी ओढली.

एकदा.

एक घंटी म्हणजे काय, हे सावळेरामला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने बिबट्याचा पाय ढिगावर नीट ठेवला. तारा सोडवून आरसा काढला, सवयीने पुसला, काखेत धरला. चपला पायात अडकवल्या. "उतरतो मग," तो म्हणाला. त्याला अंगणातल्या कोंबड्या दिसायला लागल्या होत्या.

तो उंबऱ्यापर्यंत पोचला तेव्हा मागून घंटी वाजली. दोनदा.

सावळेराम तिथेच उभा राहिला. त्याला वाटलं कान वाजले.

"बसा," इंद्रायणी म्हणाली. "आन् एक घंटी झाली की थांबायचं. दोरी आता माज्या हातात हाय."

तो परत येऊन बसला. आरसा पुन्हा खांबाला बांधताना तो वाकडा बसला, मग त्याने तो सरळ केला. आरशात नेहमी भिंत दिसायची तिथे इंद्रायणी उभी होती. सावळेरामने डावी पट्टी हलकेच सोडली आणि गाडी काढली.