कार्बोरेटर कसा जिंकला

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तरेच्या पहाडात, एका उंच पोस्टवर होती. काम गाड्यांच्या दुरुस्तीचं. रँक हवालदार. गावाकडे, वारूळवाडीत, मला सगळे मेजर म्हणतात, कारण आमच्या जुन्नर-आंबेगावात फौजेतून परतलेला कुणीही मेजरच असतो. सुरुवातीला मी ती चूक सुधारायचो. मग सोडून दिलं. दुसरीही एक चूक मी सुधारली नव्हती. ती ही.

पोस्टवरचं रोजचं काम ठरलेलं. सकाळी गाडीच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या गारठलेल्या नळ्यांवर, गरम पाणी ओतायचं. चोक ओढायचा. सेल्फ मारायचा. गाडी चालू झाली की खालच्या झऱ्यावरून पाण्याचे जेरीकॅन आणायचे. ड्रायव्हर नायक किसन. आमच्याच आंबेगावातल्या आहुपे गावचा. अख्ख्या पोस्टवर माझ्याशी मराठी बोलणारा तेवढा एकच.

किसनची गाडी जुनी, कार्बोरेटरची. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारं भांडं. त्याला उंची कळत नाही. वर हवा पातळ होते, पण पेट्रोल तो खालच्याच हिशेबाने सोडतो. मग इंजिन काळा धूर ओकतं आणि चढावर धापा टाकतं.

किसन म्हणायचा, "हिला दमा हाय दादा. पण माणसात हाय."

त्या उन्हाळ्यात खालून नवी गाडी आली. फ्युएल इंजेक्शनची. तिच्यात एक सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि एक छोटा कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल फवारतो. घेऊन आला सिपाही बलबीर, हरियाणाचा. त्याने किसनच्या गाडीभोवती एक फेरी मारली.

"ताऊ, तेरी गाड्डी लाकड़ी पै चालै सै के?"

किसनने आपल्या आहुप्याच्या हिंदीत उत्तर दिलं. "लकडीपे चलती, पर दवाखाना नहीं लगता. तेरी तो इंजेक्शनपे है."

दोघांची दोस्ती झाली ती अशी.

पुढच्या आठवड्यात कॅप्टन साहेबांनी ऑर्डर दिली. पोस्टवर एकच गाडी राहील. जास्त पॉवर देईल ती. दुसरी ड्रायव्हरसकट खाली बेस कॅम्पला जाईल. उद्या ट्रायल. सारखं वजन, सारखा चढ.

"हवालदार, दोन्ही गाड्या तयार कर. रिपोर्ट तू देणार."

"येस सर."

निकाल मला आधीच माहीत होता. पातळ हवा इंजेक्शनलाही दाट करता येत नाही. पण आहे त्या हवेला नेमकं पेट्रोल तेच देतं. म्हणजे किसन बेसला जाणार. मी उरणार, आणि मराठीत बोलायला माझ्याकडे उरणार फक्त पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर.

किसनच्या कार्बोरेटरमध्ये मी बारीक भोकाचा जेट घातला. पेट्रोल कमी, धूर कमी. हे कायद्यात बसत होतं. मग बलबीरच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि प्रेशर सेन्सरचा प्लग उपसून नुसता टेकवून ठेवला, म्हणजे कॉम्प्युटर आंधळा होऊन भरमसाट पेट्रोल सोडणार. हे बसत नव्हतं. पाठीमागे किसन फडक्याला हात पुसत उभा होता. त्याने काय पाहिलं, ते मी विचारलं नाही.

सकाळी बलबीरने गाडी चालू केली.

"उस्ताद, पीळी बत्ती जळ री सै."

इंजिनात बिघाड झाला की लागते ती ही बत्ती. मी म्हणालो, "पॉवर की बत्ती है. जलने दे."

"अच्छा?" तो खूश झाला. "फेर तो फुल पॉवर आ रही सै!"

ट्रायल सुरू झाली तेव्हा साहेब आणि मी वरच्या बंकरपाशी. मधल्या वळणावर सिग्नलवाला रेडिओ घेऊन.

"अल्फा फॉर चार्ली. कौन आगे? ओव्हर."

"धुआँ आगे है, साब. ओव्हर."

"गाडी कौनसी? ओव्हर."

"धुएँ में दिखती नहीं, साब. ओव्हर."

बलबीरच्या गाडीने ओकलेल्या काळ्या धुरातून किसन बाहेर आला. पहिल्या गिअरमध्ये, अर्धं अंग खिडकीबाहेर काढून, गाडीला आहुप्याच्या शिव्या हासडत. बलबीर मागे शेवटच्या वळणावर अडकला होता. बत्ती चालू, पॉवर गायब.

साहेबांनी कारण विचारलं. मी सावधानमध्ये उभा राहून म्हणालो, "सर, पहाड में कार्बोरेटर ज्यादा भरोसेमंद है."

बलबीर गाडी घेऊन बेसला गेला. तिथल्या मेकॅनिकने प्लग दाबला आणि गाडी पळायला लागली. बलबीरचं मत पडलं की तिला खालची हवा मानवली. किसन दिवाळीला रजेवर जाऊन आला. त्या हिवाळ्यात, त्याच पोस्टवर, तो गेला.

तो बेसला असता तर, हे वाक्य मी आजवर पूर्ण केलेलं नाही.

पेन्शन आल्यापासून दर वर्षी, तो गेला त्या दिवशी, मी आहुप्याला जातो. त्याची आई आहे, धाकटा भाऊ गोविंदा आहे. जेवण झालं की गोविंदा म्हणतो, "मेजर, ती शर्यत सांगा." मी सांगतो. प्लग सोडून सगळं. म्हातारी पदर तोंडाला लावून हसते. आपला मुलगा जिंकलेला ऐकून हसते, असं मी धरून चाललो होतो.

या वर्षी गोविंदाच्या जीपचं इंजिन बसलं. डिंभे ते आहुपे एसटी आली तर आली. नाही आली तर गावाला हीच जीप. बाळंतपणालाही हीच. भंगारवाल्याकडे दोन इंजिनं होती, एक कार्बोरेटरचं, एक इंजेक्शनचं. सीसी सारखी.

"कार्बोरेटरच घेतो," गोविंदा म्हणाला. "पावर त्यातच. आमच्या दादानं दाखवून दिलंया."

"इंजेक्शनचं घे."

"का बरं? दादाचा इक्रम मोडायचाय का तुमाला?"

"घाटात उभ्या चढाला कार्बोरेटरमधलं पेट्रोल एका बाजूला कलंडतं. गाडी गचके खाते, बंद पडते. पावसात सकाळी चालू होईपर्यंत बाळ इथेच जन्मेल."

"मग तितं वर कसा जिकला?"

म्हातारी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. ती हसू दाबते आहे, हे मला तेव्हा कळलं नाही.

मी सांगितलं. प्लग, पिवळी बत्ती, साहेबांसमोरचं खोटं. सावधानमध्ये उभं राहूनच सांगितलं, ते नंतर लक्षात आलं.

गोविंदाने आईकडे पाहिलं. "आये, बोललं बग यकदाचं!"

आणि दोघं इतकी हसली की शेजारचा माणूस दारात येऊन विचारून गेला.

"आरं बाबा," म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "किसन दिवाळीला आला तवाच सांगून गेला. त्यानं बगितलं व्हतं तुला वायर काढताना."

"मग बोलला का नाही?"

"म्हनला, मलाबी खाली जायाचं नव्हतं, आये. दादा तितं यकला पडला आस्ता. त्याला इचारू नका म्हनला, लाजाळू हाय." तिने सूप बाजूला ठेवलं. "आमी दर वर्साला वाट बगायचो, औंदा तरी खरं बोलतोय का. लई वर्सं घेतलीस, राव."

मी खाली बसलो.

जरा वेळाने ती म्हणाली, "आता दुसरं सांग. तो गेला कसा. तुजं साहेब म्हनलं, झोपेत गेल्यावानी गेला. तू तितं व्हतास."

गोविंदाने कोपऱ्यात वाजणारा रेडिओ बंद केला.

मी सांगितलं. सकाळची वेळ, ऊन पडलेलं. आम्ही दोघं पाणी आणायला गेलो होतो. मी गाडीत, किसन जेरीकॅन भरायला झऱ्यावर उतरलेला. वरून बर्फ सुटल्याचा आवाज झाला. मी ओरडलो, दार उघडलं. त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं मदतीला बोलावतोय. तो ओरडला ते वेगळंच होतं.

"दादा, गाडी बंद करू नका! परत चालू व्हायाची न्हाई!"

मी बंद केली नाही. बर्फाखालून त्याला बाहेर काढेपर्यंत इंजिन चालू होतं.