ठेवणीतला डोळा

माझ्या मावसोबांइतका वस्तू जपणारा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि जपून जपून स्वतःचंच नुकसान करून घेणाराही. नवी छत्री त्यांनी तीन पावसाळे कागदात गुंडाळून ठेवली. चपला हातात घेऊन ते टोकावड्याच्या स्टँडपर्यंत चालत आणि एसटीत चढताना पायात घालत. सन नव्वदच्या सुमारास भात झोडताना पेंढीचं टोक लागून त्यांचा डावा डोळा गेला. वर्षभराने मुंबईहून नकली डोळा करून आणला, तर त्याच्याही नशिबी तेच आलं.

डोळा मोठा देखणा होता. लोक काचेचा म्हणत, पण होता प्लास्टिकचा. बनवणाऱ्याने बजावलं होतं की हा दिवसरात्र घालायचा, अधूनमधून काढून साबणाच्या पाण्याने धुवायचा आणि वर्षाकाठी गुळगुळीत करून घ्यायला आणायचा. मावसोबांनी मान डोलावली आणि घरी येऊन तो डबीत कापसावर ठेवून दिला. लग्न, जत्रा आणि कचेरी, एवढ्यालाच डबी उघडायची. मावशी कुरकुरली की म्हणत, "सणाचं पातळ तू रोज नेसतंस का गो? झिजल ना तो!"

सवय नसल्यामुळे घालताना हमखास गोंधळ. मुरबाडला कचेरीच्या कामाला आले की तिथल्या आमच्या घरी मोरीत जाऊन ते डोळा चढवत. एकदा तो उलटा बसला. उजवा डोळा कारकुनाकडे आणि डावा छताकडे. कारकुनाने दोनदा वर पाहिलं, मग पंखा बंद केला. चेहरा पुसायचा तो नाकाच्या दिशेने, नाहीतर डोळा निसटतो, हेही ते विसरत. एका जेवणावळीत उपरण्याने घाम पुसला आणि डोळा थेट पत्रावळीवर. पंगत थिजली. मावसोबांनी शांतपणे तो तांब्यातल्या पाण्याने धुतला, खिशात टाकला आणि म्हणाले, "वाढा रे, भात वाढा."

या काटकसरीची झळ बसली ती मुलीच्या लग्नात. सोयरिकीच्या बोलणीला ते डोळा घालून गेले होते, त्यामुळे व्याह्यांना काहीच ठाऊक नव्हतं. लग्नाला आठ दिवस उरले असताना त्यांनी डबी उघडली, तर डोळा आत जाईना. मी त्यांना घेऊन मुंबई गाठली. बनवणारा म्हणाला, "रिकामी राहून खोबण आकसलीय. लहान साचे घालून हळूहळू सैल करावी लागेल. दोन-तीन महिने तरी जातील."

लग्नाच्या सकाळी ते मांडवात दिसेनात. कन्यादानाला धाकट्या भावाला बसायला सांगून स्वतः गोठ्यात जाऊन बसले होते. "लोक म्हनतील, बापानं फसवला. पोरीला जलमभर ऐकवतील," एवढंच म्हणाले. मला त्यांची समजूत घालता येईना. तेवढ्यात हळदीच्या अंगाने मुलगीच गोठ्यात आली.

"बाबा, सासऱ्यांना मी सांगितलाय सगला. ते म्हनले, मंग त्यात काय? तुमी नाय बसलात त मी पन नाय बसायची."

मावसोबा उठले. भर मांडवात, सगळ्यांच्या देखत, तसेच बसले. मुलीचा हात जावयाच्या हातात देताना त्यांना रडू आवरेना, आणि मी पाहिलं, त्या रिकाम्या खोबणीतूनही पाणी वाहत होतं. डोळा गेला तरी आसवं जात नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे नवा डोळा करू म्हटलं की ते हसत. "आता कोनाला दाखवायचाय?" मीही फार आग्रह धरला नाही. आज ते नाहीत, आणि आग्रह धरायला हवा होता असं फार वाटतं; निदान एक वस्तू तरी त्यांनी रोज, स्वतःसाठी वापरली असती.