प्रिंटर आईनं बिघडवला नव्हता

कालच्या पोस्टमधली चूक आधी दुरुस्त करते. आईच्या हातून प्रिंटरचं सेटिंग बिघडतं, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. सकाळपासून मावशी आणि मामी तिला फोनवर चिडवत आहेत, म्हणून इथंच सांगते.

पेडगावच्या आमच्या घरी एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून चालू असतो. त्याच्यामार्फत आई मोबाइलवरून ब्लाउजच्या भरतकामाचे नमुने छापते. लाइट जाऊन आली की छपाई बंद पडायची आणि तिच्या ऑर्डरी अडायच्या. माझ्यामागं हे कोण बघणार, या काळजीनं मी पुण्याच्या नोकरीवर जाणं लांबवत होते.

आज दुपारी नीट तपासलं. लाइट आल्यावर राउटर प्रिंटरला नेटवर्कवरचा नवा पत्ता द्यायचा आणि सर्व्हर काम जुन्याच पत्त्यावर पाठवायचा. मी प्रिंटरचा पत्ता कायमचा ठरवून टाकला. मग आईला मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं.

"आता बंद पडलं तर माझं नाव घेऊ नको माय," म्हणत तिनं स्वयंपाकघरातून मोबाइल दाबला. बाहेरच्या खोलीत मोराचा नमुना छापून आला.

"आला का?"

"आला."

"मग तू कशाला थांबायलीस?"

मला अक्षरं घरी आईनंच शिकवली. माझ्या चुकांवर ती कधी चिडली नाही. तुमच्या घरी असा दोष कुणाच्या माथी मारला जातो का?

मी सोमवारी सकाळी पुण्याला निघतेय.