घरभर अळणी

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. वरवट बकालच्या उकंडरावाची मिरची आख्ख्या बाजारात नावाजलेली, आणि मालकाच्या ताटात मात्र अळणी वरण! गुर्दे बिघडले होते बिचाऱ्याचे. सकाळी उठला की तोंड सुजलेलं. खामगावच्या डॉक्टरांनी मीठ तोडलं, वर दम भरला, की मीठ खाल्लं तर पुढचा हंगाम बघणार नाहीस. पण बाकीचे खमंग फोडणीचं ओरपत असताना एकट्याने ते पांचट गिळायचं म्हणजे शिक्षाच की हो! गडी चोरून लोणच्याच्या बरणीत हात घालायचा आणि पुन्हा सुजायचा. बायको सोजराबाई रडकुंडीला आली होती.

त्यात गावात देवी टोचणारा निवृत्ती आला. उकंडराव कडब्यामागे दडून बसला. सोजराबाईने धोतराचा सोगा धरून बाहेर काढला.

"मी आधीच दुखणाईत. मले काऊन टोचतं बे?"

"दुखणाईत म्हणूनच," निवृत्ती म्हणाला. "डॉक्टरसायबाले इचारूनच आलो. धडधाकट माणूस देवीतून उठन एखाद वेळी. तुमचे गुर्दे असे, तुमी कसे उठसान?"

टोचलं एकदाचं. दंडावर फोड आला आणि सोजराबाईने चुलीपुढे जाहीर केलं, "घरात माता आली. खपली पडेपर्यंत फोडणी बंद, मीठ बंद. सगळ्यायले!" निवृत्तीने कपाळावर हात मारला. अहो, ही लस आहे, तिला कसलं आलंय पथ्य? पण सोजराबाईपुढे बोलायची बिशाद कोणाची!

धाकटा भाऊ मोतीराम घास तोंडात घोळवत आढ्याकडे बघू लागला. उकंडरावाला काय आनंद झाला म्हणता! "घे रे मोत्या, लाजू नको," म्हणून आग्रह करकरून वाढू लागला. सोबतीने जेवताना लोणच्याची आठवणही होईना. तोंडाची सूज उतरली.

खपली पडली, तशी घरात फोडणी तडतडली. उकंडराव तडक निवृत्तीकडे गेला. "दुसऱ्या दंडावर टोच." निवृत्तीने हाकलून लावलं. मग या पठ्ठ्याने डोकं चालवलं. घरच्यांना एकेक करून न्यायचं! आधी मोतीराम, त्याची खपली पडली की भावजय कौशल्याबाई, मग खुद्द सोजराबाई, शेवटी म्हातारी आत्या. "सगळ्यायले एकाच दिवशी आणा ना!" निवृत्ती वैतागायचा. हा कानावर घेईल तर शपथ.

शेजारच्या गावच्या पुंजाजीचेही गुर्दे असेच, तोही सुईला भ्यायचा. उकंडराव मुद्दाम चालत गेला. "टोचून घे. देवीपासून वाचशीन, अन् आख्खं घर तुह्यासंगं अळणी जेवन!" पुंजाजीने दोन्ही दंड पुढे केले.

शेवटी घरात टोचायचं कोणी उरलंच नाही. आत्याची खपली पडली त्या दुपारी ठेच्याचा ठसका पार ओसरीपर्यंत आला. आत मोतीराम हसतखिदळत जेवत होता. उकंडराव ताटावर बसून होता, घास काही उचलेना. डोळे भरून आले होते.

सोजराबाई आपलं ताट घेऊन समोर येऊन बसली. त्याच्याच भांड्यातलं वरण तिने वाढून घेतलं.

"अवं, पथ्य संपलं ना? मिठाचं घे."

"घरातले दंड संपले म्हणून काय झालं?" ती खेकसली. "मी आहो ना. जेवा मुकाट्यानं."