हरणाला दिलेली एक रात्र

मी आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही. घरात झुरळ निघालं तरी नवऱ्याला हाक मारते. पण दोन हजार सोळा-सतराच्या सुमारास, अमेरिकेतल्या काही शिकाऱ्यांनी हरीण आज मारायचं की उद्या, हे मी लिहिलेला प्रोग्रॅम सांगत असे.

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमध्ये आमची दहा-बारा जणांची कंपनी होती. ड्रोन उडवणाऱ्यांसाठी आम्ही एक ॲप बनवत होतो. गिऱ्हाइकांत जमीन मोजणारे होते, शेतीवाले होते आणि शिकारीही होते. शिकारी ड्रोनने वरून रान बघून घेतात, कळप कुठे चरतो, कुठे बसतो याची टेहळणी करतात. त्याबद्दल तिकडे राज्याराज्यांत वेगळे कायदे. कुठे साफ बंदी, कुठे फक्त हंगामात बंदी, आणि काही ठिकाणी नियम असा की ज्या दिवशी ड्रोन उडवला त्या दिवशी गोळी झाडायची नाही, तारीख बदलली की चालेल. हे नियम वाचून ॲपमध्ये बसवायचं काम माझ्याकडे आलं. स्क्रीनवर लाल खूण दिसली तर आज शिकार बेकायदा, हिरवी दिसली तर मोकळीक.

मला हा सगळा प्रकार ढोंगी वाटायचा. जनावराला मारायचंच आहे तर आज काय नि उद्या काय! तसं मी एकदा मॅनेजरला बोलूनही दाखवलं. ते पुण्याचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आम्ही दोघंच असलो की मराठीत बोलत. म्हणाले, "अगं, कायदा तुला आवडायला नकोय. बसवायला हवाय."

मी बसवला. चाचणीची मात्र गंमतच होती. ऑफिस विमानतळाला इतकं लागून की तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवणं हा गुन्हा. त्यामुळे आमचा ड्रोन खोक्यातून बाहेर आलाच नाही. मी टेबलावर बसून खोटी उड्डाणं नोंदवायची, दुसऱ्या दिवशी येऊन खूण हिरवी झाली का बघायचं. दर वेळी व्हायची. न व्हायला काय झालं? ड्रोनवाली मीच, शिकारीही मीच.

हंगाम सुरू झाल्यावर एक मेल आली. लिहिणारे सत्तरीतले, जन्मभर शिकार केलेले गृहस्थ होते. त्यांनी सकाळी सात वाजता ड्रोन उडवला, डोंगराच्या उतारावर एक मोठं हरीण पाहिलं, आणि लाल खूण बघून ते घरी परतले. दुपारी सहज ॲप उघडलं तर खूण हिरवी. नियम बदलला असेल, ज्यांचं काम आहे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी त्यांनी ते हरीण मारलं. मग रीतीप्रमाणे वनखात्याच्या चौकीवर नोंद करायला गेले, आणि फॉर्मवर ड्रोन उडवल्याची वेळ खरी लिहिली. रानात त्यांना कुणीही पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याच हस्ताक्षरावरून त्यांच्यावर खटला झाला.

त्यांना आमच्याकडून भरपाई नको होती. त्या दुपारी ॲपने हिरवी खूण दाखवली, एवढी एक ओळ सुनावणीआधी लिहून हवी होती. म्हणजे निदान जाणूनबुजून नियम मोडला असा शिक्का बसला नसता. तो नियम मला पटतो, असंही त्यांनी लिहिलं होतं. वरून पाहिलेलं जनावर रात्रीत जागा बदलतं. सकाळी पुन्हा पायी जाऊन, वास, वारा, माग बघत त्याला शोधावं लागतं, आणि बऱ्याचदा ते सापडत नाही. ती एक रात्र त्याच्या हक्काची, असं त्यांच्या वडिलांनी ड्रोनबिन नव्हते तेव्हा, विमानातून टेहळणी करणाऱ्यांबद्दल सांगितलं होतं. ज्या नियमाच्या ओळी मी लिहिल्या, त्याचा अर्थ मला हा असा कळला.

चूक सापडायला दहा मिनिटं लागली. दिवस बदलला की नाही हे मी आमच्या सर्व्हरच्या घड्याळावरून ठरवलं होतं, आणि ते घड्याळ सिंगापूरचं. त्यांच्याकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे तारीख बदलते. पुण्याला आईला फोन करताना अडीच तास वजा करायला मी एकदाही विसरले नव्हते. इथे साफ विसरले. त्याच दिवशी दुरुस्ती केली. नव्या आवृत्तीच्या टिपेत मॅनेजरच्या सांगण्यावरून लिहिलं, "तारीख दाखवण्यात किरकोळ सुधारणा."

त्या गृहस्थांना हव्या असलेल्या पत्राचं विचारायला मी ॲपमधल्या नोंदी घेऊन मॅनेजरकडे गेले.

"आपला वकील नको म्हणतोय," ते म्हणाले. "एकदा लिहून दिलं की आपणच अडकतो."

"पण सर, चूक आपली आहे."

"तुझी आहे." आवाज चढलेला नव्हता. "आणि तुझा वर्क पास पुढच्या महिन्यात रिन्यूअलला जायचाय ना?"

ही धमकी होती की काळजी, ते मी विचारलं नाही.

उत्तर मीच लिहिलं. ॲपमधली खूण केवळ मार्गदर्शक आहे, कायद्याची खात्री करून घेणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, वगैरे. ही वाक्यं वकिलाची. पण नुसता नकार फार कोरडा वाटत होता, म्हणून शेवटी एक वाक्य मी माझ्या पदरचं घातलं: भर उन्हात स्क्रीनवरचे रंग कधीकधी वेगळे दिसू शकतात.

घरी, पुंगोलच्या फ्लॅटवर नवरा भाजी चिरत होता. तो माझ्या पासवर, डिपेंडंट म्हणून इथे राहत होता. आमची मुलगी जानेवारीत प्रायमरी वनला, म्हणजे पहिलीत जाणार होती.

"तू तुझ्या स्वतःच्या मेलवरून कळव ना त्यांना," तो म्हणाला.

"आणि कळलं इथे? गेला पास म्हणजे?"

त्याने भाजी फोडणीला टाकली. मुलगी आतून ओरडली, "पपा, डिनर रेडी ऑर नॉट?" आणि आम्ही ताटं घेतली.

मी ती एक ओळ लिहून ड्राफ्टमध्ये ठेवली होती. सुनावणीला दोन आठवडे होते, मग एक, मग चार दिवस. रोज ऑफिसला जाताना एमआरटी मेट्रोत बसल्यावर फोनवर ती उघडायची, वाचायची, बंद करायची. तेव्हा मला तो समजूतदारपणा वाटत होता. आता विचाराल तर भित्रेपणा म्हणेन. सुनावणी होऊन गेली. पास नूतनीकरण होऊन आला.

मग त्यांची आणखी एक मेल आली. कंपनीने वेळ काढून उत्तर दिलं म्हणून त्यांनी आधी आभार मानले होते. आमचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, आणि त्यांना ते पटलं. त्या दुपारी ऊन कडक होतंच. कोर्टात त्यांनी सांगितलं की ॲपचा दोष नाही, रंग ओळखण्यात माझी चूक झाली. परवाना काही वर्षांसाठी गेला होता, पण त्याचं फारसं वाईट वाटत नाही, असं लिहिलं होतं. ज्याला लाल-हिरवं कळत नाही त्याने रानात बंदूक घेऊन फिरू नये, उद्या एखादा माणूस जायचा. बंदूक त्यांनी जावयाला देऊन टाकली होती. हे वेळेवर लक्षात आणून दिल्याबद्दल पुन्हा एकदा आभार.

मी ती तक्रार निकाली काढली म्हणून नोंदवली. नोंदीत त्या दिवसाचं सगळं होतं. खूण हिरवीच होती, आणि त्यांना ती नीट दिसली होती.